पिंजऱ्यातला सोबती निवडताना



या व्याख्यानासाठी संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, "घरात पिंजऱ्यात पाळायचा छोटा प्राणी कसा निवडावा, यावर बोलतो." फोनवर क्षणभर शांतता. मग त्या बाई संकोचून म्हणाल्या, "पण सर, तुमचा विषय तत्त्वज्ञान ना?" हो, तत्त्वज्ञानच. पस्तीस वर्षं कॉलेजात तेच शिकवलं. पण स्वातंत्र्य म्हणजे काय, सुख कशाला म्हणायचं, दुसऱ्याचं दुःख आपल्याला कळतं का, हे सगळे प्रश्न एका दीड फुटी पिंजऱ्यात मावतात, हे मला वर्गात नाही, घरी कळलं. म्हणून आज हा विषय.

शाळांना सुट्टी लागली की घरोघरी एक मागणी सुरू होते. मुलांना प्राणी हवा असतो. कुत्र्याला आईचा नकार, मांजराला बाबांचा नकार, फ्लॅट लहान, दोघंही नोकरीवर. मग तडजोड निघते : "छोटंसं काहीतरी आणू. पिंजऱ्यात राहील, कुणाला त्रास नाही." हे 'कुणाला त्रास नाही' आपण फार सहज म्हणतो. त्या 'कुणाला'मध्ये घरातली सगळी माणसं धरलेली असतात. जो येणार असतो, तो तेवढा मोजायचा राहतो.

आधी एक गोष्ट निकालात काढू, ती पोपटाची. तुमच्यापैकी ज्यांची साठी उलटली आहे, त्यांच्या लहानपणी ओटीवर पोपटाचा पिंजरा असणारच. आमच्याकडेही होता. आजीचा मिठू. डाळ, मिरची, पेरूची फोड खायचा आणि आल्यागेल्याला 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायचा. एकदा पिंजऱ्याचं दार चुकून दुपारभर उघडं राहिलं. मिठू बाहेर आला नाही. आजी म्हणाली, "बघ, त्याला इथंच बरं वाटतं." मला ते पटलं. पुढे वर्गात स्वातंत्र्य शिकवताना मी हे उदाहरण कित्येक वर्षं दिलं : दार उघडं असूनही जो जात नाही, तो परतंत्र म्हणायचा का? मला वाटायचं, मोठा बिनतोड प्रश्न आहे. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, पण त्याला उडता येत होतं का?"

मी गप्प झालो. त्या पिंजऱ्यात मिठूला पंख पूर्ण पसरताही येत नव्हते. वर्षानुवर्षं न उडलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ कुठून असणार? त्याचं न जाणं ही त्याची पसंती नव्हती. जाण्याची शक्ती आम्हीच काढून घेतली होती आणि वर त्याला समाधान असं नाव दिलं होतं.

आज तर हा प्रश्न कायद्यानेही सोडवला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपले देशी पोपट, मुनिया, मैना यांना पकडणं, विकणं, घरात पाळणं हा गुन्हा आहे. दंड होऊ शकतो, कैदही होऊ शकते. रस्त्याकडेला कुणी पाटीखाली झाकून पोपटाची पिल्लं विकत असेल आणि दया येऊन तुम्ही एखादं घेतलंत, तर त्याला दुसरं पिल्लू ढोलीतून काढायला तुम्हीच पैसे दिलेत. पाठीवर चांदण्या असलेलं देशी कासवही याच यादीत येतं. असं काही दिसलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

म्हणजे राहिले ते परदेशी मूळ असलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेले प्राणी : बजरीगर, कॉकटेल, फिंच, हॅम्स्टर, गिनिपिग, ससा, पांढरा उंदीर. दुकानात हे सगळे एका ओळीत ठेवलेले असतात, म्हणून आपल्याला वाटतं की हे एकाच प्रकारचे, फक्त रंग आणि किंमत वेगळी. इथेच माझी चूक झाली होती. ती सांगतो.

नातू सात वर्षांचा होता. सुट्टीत आमच्याकडे राहायला आला आणि हॅम्स्टरचा हट्ट धरला. आम्ही दोघं एका दुकानात गेलो. तिथं एका काचेच्या पेटीत आठ-दहा हॅम्स्टर एकमेकांवर पडून झोपले होते. दुकानदार म्हणाला, "एकदम शांत प्राणी आहे, आजोबा. काही बघावं लागत नाही." मुठीएवढा जीव, सोनेरी अंग, काळे मण्यांसारखे डोळे. पिंजरा, चाक, दाण्यांची पिशवी घेऊन आम्ही घरी आलो.

नातू सकाळी उठला की त्याला उठवायचा. दुपारी मित्र आले की उठवायचे. तो मिचमिच्या डोळ्यांनी बाहेर यायचा आणि परत कापसात शिरायचा. चौथ्या दिवशी त्याने नातवाचं बोट चावलं. रक्त आलं, रडारड झाली, 'वाईट आहे तो' असा निकाल लागला. आणि रात्री अकराला सगळं घर झोपलं की चाकाचा आवाज सुरू व्हायचा. खर्र खर्र खर्र, पहाटेपर्यंत. आम्ही वैतागून पिंजरा बाल्कनीत ठेवला. मे महिना होता. बाल्कनी पश्चिमेची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कोपऱ्यात आडवा पडलेला सापडला.

कुंडीत पुरताना नातवाने मला विचारलं, "आजोबा, तो झोपायचा कधी?"

त्याला उत्तर माहीत नव्हतं, यात काही नाही. तो सात वर्षांचा होता. मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

नंतर वाचलं. सोनेरी हॅम्स्टर मूळचा सीरियातला. १९३० साली अलेप्पोजवळ इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने जमिनीखालच्या बिळातून एक मादी आणि तिची पिल्लं काढली. आज जगभर पाळले जाणारे सोनेरी हॅम्स्टर जवळजवळ सगळे त्या एका विणीचे वंशज. कोरड्या प्रदेशातला प्राणी, पण दिवसाचं ऊन त्याने कधी सोसलंच नाही. दिवसा खोल बिळात झोपायचं आणि अंधार पडल्यावर अन्न शोधत मैलोगणती धावायचं, हा त्याचा दिनक्रम. शिवाय तो एकटा राहणारा. मोठे झालेले दोन सोनेरी हॅम्स्टर एका पिंजऱ्यात ठेवले तर ते जीव जाईपर्यंत भांडू शकतात. दुकानात एकमेकांवर झोपलेली ती पिल्लं होती, म्हणून शांत होती.

म्हणजे बघा, त्या जिवात दोष काहीच नव्हता. त्याची रात्र ही आमची झोप होती आणि आमचा दिवस ही त्याची झोप होती. आम्ही त्याचं रूप निवडलं, त्याचा दिवस पाहिलाच नाही.

थॉमस नेगेल नावाच्या अमेरिकी तत्त्ववेत्त्याचा १९७४ चा एक प्रसिद्ध निबंध आहे, वटवाघूळ असणं म्हणजे कसं असतं, यावर. त्याचा मुद्दा असा, की वटवाघळाचा मेंदू, कान, आवाज सगळं तपासलं तरी वटवाघळाला आतून कसं वाटतं ते आपल्या हाती लागत नाही. मला हे मान्य आहे. हॅम्स्टरला आतून कसं वाटतं हे मी कधीच सांगू शकणार नाही. पण तो कधी जागा असतो, किती धावतो, कुणाबरोबर राहतो, किती उकाडा सोसतो, हे बाहेरून कळतं. मनात शिरता येत नसेल, तर निदान त्याचं वेळापत्रक तरी वाचावं. तेवढं केलं तरी बरंच पाप टळतं.

तर प्राणी निवडण्याआधी घरात सगळ्यांनी बसून चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहावीत, असं मी सुचवतो. तो कधी जागा असतो? त्याला त्याच्या जातीची सोबत लागते का? आपल्या गावची हवा त्याला सोसेल का? आणि तो किती वर्षं जगतो? आता या चार प्रश्नांवर एकेकाला तपासू.

हॅम्स्टरचं झालंच. रात्रीचा, एकटा, उकाड्याने हैराण होणारा, साधारण दोन वर्षं जगणारा. रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या, थंड खोली असलेल्या मोठ्या माणसाला तो शोभेल. नऊ वाजता झोपणाऱ्या मुलाला नाही.

गिनिपिग. हा गिनीचाही नाही आणि डुक्करही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, हजारो वर्षांपासून माणसाळलेला. दिवसा बऱ्यापैकी जागा, सहसा न चावणारा, ओळखीचं माणूस दिसलं की शीळ घातल्यासारखा ओरडणारा. मुलांसाठी उत्तमच, असं वाटेल. पण तो कळपातला. एकटा ठेवला की झुरतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या नियमांनुसार गिनिपिग एकटा पाळायला मनाई आहे. म्हणजे दोन आणायचे, आणि ते नर-मादी नकोत, नाहीतर दोनाचे दहा व्हायला वेळ लागत नाही. दुसरं, माणसासारखंच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ढोबळी मिरची, कोथिंबीर असं काही रोज ताजं द्यावं लागतं. नुसत्या दाण्यांवर ठेवला तर आजारी पडतो. सुकं गवत तर पोटासाठी आणि सतत वाढणाऱ्या दातांसाठी चोवीस तास समोर हवं. तिसरं, तो थंड डोंगरातला. पारा तिशीच्या पुढे गेला की त्याला उष्माघाताची भीती. महाबळेश्वरला ठीक आहे. चंद्रपूर-नागपूरकरांनी, जिथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, विचार करावा. पाच ते सात वर्षं हे सगळं करायचं आहे.

ससा. सशाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज, कारण तो गोष्टींच्या पुस्तकातून येतो. त्याला गाजर नव्हे, गवत लागतं. गाजर गोड, ते कधीतरी एखादा तुकडा. पोट काही तास जरी रिकामं राहून थांबलं तरी त्याच्या जिवावर बेततं. त्याला कान धरून उचलू नये. खरं तर लहान मुलाने उचलूच नये, कारण तो झटका मारून सुटायला बघतो आणि त्यात त्याचा कणा मोडू शकतो. आठ-दहा वर्षं जगतो. आणि तो पिंजऱ्यातला प्राणीच नाही. उड्या मारणारा जीव आहे, त्याला रोज काही तास मोकळी खोली हवी. एवढं देता येत असेल तरच.

पांढरा उंदीर म्हटलं की तुम्ही हसता. गणपतीचं वाहन म्हणून नमस्कार आणि घरात दिसला की पिंजरा! पण पाळीव उंदीर फार हुशार, माणसाला ओळखणारा, सोबतीने राहणारा. मात्र तोही मुख्यतः रात्रीचा, आणि दोन-तीन वर्षांत जातो. मुलाचा जीव लागतो न लागतो तोच निरोप.

आणि बजरीगर. आपल्याकडे दुकानात ज्यांना 'लव्हबर्ड' म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, शेपूट आखूड. बजरीगर ऑस्ट्रेलियातला, शेपूट लांब, डोक्यामागे नाजूक रेघा. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० मध्ये ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तेव्हापासून ते पिंजऱ्यात वाढताहेत. चार प्रश्न लावा. दिवसा जागा आणि दिवे मालवले की झोपणारा, म्हणजे आपलंच वेळापत्रक. मोठ्या थव्यात राहणारा, म्हणून निदान दोन हवेत. उष्ण, कोरड्या मुलखातला, त्यामुळे सावली आणि पाणी असेल तर आपला उन्हाळा इतरांपेक्षा बरा सोसतो. पाच ते आठ वर्षं जगतो, काही त्याहून अधिक. सर्वसाधारण मराठी घराला, जिथं दिवसा निदान एक माणूस असतं, मी यांचं नाव पहिलं घेईन.

पण पिंजरा कसला? ब्रिटिश सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने १९६५ मध्ये शेतावर कोंडून वाढवलेल्या जनावरांबद्दल एक साधी कसोटी दिली. त्या जनावराला उभं राहता यावं, बसता यावं, वळता यावं, अंग स्वच्छ करता यावं आणि अवयव ताणता यावेत. पुढे यातूनच प्राणिकल्याणाची 'पाच स्वातंत्र्यं' तयार झाली : भूक-तहान नसावी, गैरसोय नसावी, वेदना-आजार नसावेत, भीती नसावी, आणि पाचवं, आपल्या जातीसारखं वागता यावं. पहिली चार आपण पैशाने देऊ शकतो. पाचव्याला जागा आणि वेळ लागतो. आपल्याकडच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हाच आहे. माझ्या आजीचा पिंजरा या कायद्यात बसला नसता.

पक्षी आडवा उडतो, हेलिकॉप्टरसारखा सरळ वर जात नाही. म्हणून पिंजरा उंच नको, लांब हवा. दोन बजरीगरांना अडीच-तीन फूट लांबीचा तरी असावा. गोल पिंजरा दिसायला सुरेख, पण पक्ष्याला टेकायला कोपरा नाही. गज अर्ध्या इंचापेक्षा जास्त लांब नसावेत, नाहीतर डोकं अडकतं. बसायला प्लास्टिकच्या एकसारख्या दांड्या न ठेवता पेरूच्या, कडुनिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या द्या, पाय दुखत नाहीत. दुकानदार पिंजऱ्यात मडकं टांगून देतो. पिल्लं नको असतील तर ते काढून ठेवा. खायला राळा, बाजरी असतेच, पण नुसते दाणे पुरत नाहीत. मेथी, कोथिंबीर, गाजराचा कीस रोज थोडा द्या, चोच घासायला समुद्रफेन द्या. अॅव्होकाडो, चॉकलेट आणि आपलं खारं-तिखट अजिबात नको.

पिंजरा डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लागून. थेट उन्हात नाही, पंख्याखाली नाही आणि स्वयंपाकघरात तर नाहीच. नॉनस्टिकचा तवा रिकामा तापून जळला, तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. आपल्याला वासही येत नाही. आणि रोज, दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, तासभर त्यांना खोलीत उडू द्या. पिंजरा ही त्यांची झोपायची खोली आहे, सगळं जग नव्हे.

आणखी दोन चौकश्या घरातून निघण्यापूर्वी करा. आपल्या गावात पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर आहे का? गायी-म्हशींच्या दवाखान्यात दर वेळी ते जमतंच असं नाही. आणि हे छोटे जीव आजार लपवतात. रानात जो आजारी दिसतो तो आधी पकडला जातो, म्हणून ही सवय. पिसं फुगवून तळाशी बसलेला पक्षी आज दाखवायचा, उद्या नाही. दुसरं, दुकानाची नोंदणी आहे का? २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे ती लागते. विचारायला लाजू नका.

आता पालकांच्या आवडत्या वाक्याकडे येतो : "मुलांना जबाबदारी कळावी म्हणून आणतोय." हे वाक्य ऐकलं की मला कान्ट आठवतो. कान्ट म्हणायचा, प्राण्याला क्रूरपणे वागवू नये, कारण जो प्राण्यांशी क्रूर वागतो तो माणसांशीही तसाच वागू लागतो. म्हणजे प्राण्याची दया माणसाच्या चारित्र्यासाठी. प्राणी स्वतः त्यात कुठेच नाही! १७८९ मध्ये बेंथमने वेगळाच प्रश्न ठेवला. त्याने विचारलं, त्याला विचार करता येतो का, बोलता येतं का, हे सोडा. त्याला दुःख होतं का, ते सांगा. मी आयुष्यभर कान्ट शिकवला, पण या बाबतीत बेंथमच्या बाजूला आहे. मूल चुका करत शिकतं, शिकावंच. पण पाणी भरायचं विसरण्याची चूक करून जबाबदारी शिकायची असेल, तर तो धडा दुसऱ्याच्या जिवावर होतो. म्हणून नियम सोपा : घरातलं एक मोठं माणूस म्हणालं पाहिजे, "हा माझा. मुलं मदत करतील." असं म्हणायला कुणी तयार नसेल, तर प्राणी आणू नये. गणपतीला गावी जाताना तो कुणाकडे ठेवायचा, हेही त्याच माणसाने ठरवायचं.

व्याख्यानाआधी एका गृहस्थांनी मला बाहेर विचारलं, "सर, एवढं सगळं सांगता, मग पिंजराच नको असं का म्हणत नाही?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर दोन भागांत आहे. जे जीव पिंजऱ्यातच जन्मले, त्यांना सोडून देणं ही मुक्ती नाही. बजरीगर इथं बाहेर सोडला तर दोन दिवसांत कावळ्याच्या किंवा मांजराच्या तोंडी जातो. त्यांना सांभाळणं हे आपलं काम आहे. पण नवीन विकत घेतला की दुकानात त्याच्या जागी दुसरा येतो, हेही खरं. म्हणून आधी विचारा, कुणाला आपला प्राणी द्यायचा आहे का. सुट्टी संपता संपता असे पिंजरे पुष्कळ घरांतून निघतात. तिथून घेतलात तर एका जिवाचं घर बदलतं, बाजार वाढत नाही.

आणि काहीच न आणणं हीही एक निवड आहे. तीत कमीपणा नाही.

आमच्या घरी काय झालं ते सांगतो आणि थांबतो. पुढच्या वर्षी नातू आला. ओळखीचं एक कुटुंब परगावी चाललं होतं, त्यांचे दोन बजरीगर मी घ्यायचं ठरवलं होतं. त्याला सांगितलं. वाटलं, उडी मारेल. तो म्हणाला, "आजोबा, आधी सांगा, ते झोपतात कधी?" मी म्हटलं, "तू झोपतोस तेव्हा." मग म्हणाला, "आणि उन्हाळ्यात?" मी बाल्कनीकडे बोट दाखवून म्हटलं, "तिकडे नाही." ते दोघं आमच्याकडे सहा वर्षं राहिले. माझ्या नावावर. पाणी मात्र सुट्टीत तोच बदलायचा आणि मला हाक मारून दाखवायचा.